कमिटीपुरता ब्लेझर

"तुम्ही सगळे वर, स्टोअररूममध्ये. कमिटी जाईपर्यंत कोणी खाली दिसायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

तुम्ही सगळे म्हणजे आम्ही. राखीव जागांवरची पोरं. मीरा रोडच्या आमच्या मॅनेजमेंट कॉलेजला मान्यता हवी होती आणि दिल्लीहून तपासायला कमिटी आली होती. फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं ब्लेझर घालून वर्गात पुढे बसवलेली. आमच्यात ब्लेझर कुणाकडेच नव्हता. मोडक्या खुर्च्यांत आम्ही गुमान बसलो. माझी आई भाईंदरला महापालिकेत रस्ते झाडते. कॉलेज सुटलं तर वारसाहक्काने तिचा झाडू माझ्याच हातात येणार होता. म्हणून गप्प.

दुपारी मॅडम धापा टाकत वर आल्या. कमिटीतल्या सरांना मागासवर्गीय विद्यार्थ्यांशी बोलायचं होतं. मॅडमनी आमच्यावरून नजर फिरवली आणि मला निवडलं. म्हणाल्या, त्यातल्या त्यात तूच बरी दिसतेस.

जिन्यातच त्यांनी वर्गातल्या एका मुलीला बोलावून ब्लेझर काढायला लावला. पूनम सागरच्या मोठ्या सोसायटीत राहणारी. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मॅम, मेरा ही क्यों? बाद में मैं कैसे पहनूँगी?"

"ड्रायक्लीन करून घे," मॅडम म्हणाल्या.

मी समोरच उभी होते. तोंडावर थुंकल्यासारखं झालं. ब्लेझर माझ्या अंगावर चढवून मॅडमनी पढवलं, इथे भेदभाव नाही असं सांगायचं.

केबिनमध्ये सरांनी गोड आवाजात विचारलं, इथे कसं वाटतं? प्रिन्सिपल आधीच मान डोलवत होते. मी ब्लेझर काढला. टेबलावर ठेवला.

"हा माझा नाही, सर. आम्हाला सकाळपासून स्टोअररूममध्ये लपवलंय. बाकीचे अजून तिथेच आहेत. चला, दाखवते."

कोणी उठलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं. प्रिन्सिपल म्हणाले, जेवण गार होतंय. सगळे जेवायला गेले.

कॉलेजला मान्यता मिळाली. मला इंटर्नलमध्ये नापास केलं. मॅडमनी सांगितलं, नाव काढून घे, तुला झेपणार नाही. आई रडली. म्हणाली, "सोड गं बाय, माझी जागा हाय ना तुला."

नाही सोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच धुवट ड्रेसमध्ये गेले आणि पहिल्या बाकावर बसले. पदवी हातात येईपर्यंत मी इथेच बसणार. पुन्हा कमिटी येऊ दे. ज्यांना मला लपवायचंय त्यांनी उचलून वर न्यावं. माझ्या पायांनी मी तो जिना चढणार नाही.