वरून दिसलेलं अंगण

अकोल्यातला आमचा शेजारी फार स्पष्ट बोलतो. आमच्याच घरी जेवायला बसून म्हणतो, ‘‘वहिनी, भाजी खारट झाली. खोटं कायले बोलू?’’

तो आणि मी पॅराग्लायडिंगसाठी चिखलदऱ्याला गेलो. दिवसभर घडीत ऊन, घडीत धुकं. शेवटी पायलटने आम्हाला न उडवताच छत्री गुंडाळली. तेवढ्यात हिवरखेडहून शेजाऱ्याच्या मायचा फोन आला. ती वर्षभर खाटेवरून उठलेली नाही. याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

‘‘उडाला काय रे?’’

‘‘हो माय, वरूनच बोलून राहिलो.’’

‘‘आपलं घर दिसते?’’

‘‘दिसते ना. तू अंगणात उभी हायेस.’’

माय खळखळून हसली.

आता गल्लीत कोणी विचारलं, की मी सांगतो, ‘‘उडाला ना! खोटं कायले बोलू?’’