‘या फाइलला हात लावू नये’

“माझ्या फाइलला हात कोणी लावला?”

सबिनाताईंचा आवाज माणिकपूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून निघाला तो थेट खालच्या रिक्षा स्टँडवर उतरला. तीन रिक्षावाल्यांनी मान वर केली म्हणे. चौथा गिऱ्हाईक घेऊन निघाला होता, तो पार्वती नाक्यापर्यंत मागे वळून बघत गेला.

आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सबिनाताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. त्या दिवशी गुरुवार होता आणि शुक्रवारी सकाळी नऊला त्यांच्याच गावच्या शाळेचे ऑनलाइन प्रवेशअर्ज सुरू व्हायचे होते. मुख्याध्यापिका त्यांची सख्खी मावशी. अर्ज अडकले असते, तर रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला सबिनाताईंना चर्चच्या मागच्या दाराने जावं लागलं असतं. आणि मावशी तिथेही उभी असती.

“ताई, झालं काय?” मी विचारलं.

“दोन अर्ज भरून बघितले. दुसरा घेत नाही. म्हणतो, हा विद्यार्थी आधीच नोंदलेला आहे.”

आता यातली गोम सांगतो. सबिनाताईंच्या गावात नावं मोजकी आणि आडनावं त्याहून मोजकी. मुलाचं नाव तेच, बापाचं तेच, आडनाव तेच, अशी दोन मुलं एका वर्गात सहज सापडतात. चौकात उभं राहून एक हाक मारा, क्रिकेटची टीम जमते, वर अंपायरही त्याच नावाचा. कॉम्प्युटरला वाटतं, एकच मूल दोनदा आलं. म्हणून सबिनाताईंनी त्या तपासणीत आळीचं नाव घातलं होतं. आळी वेगळी, तर मूल वेगळं. नेमकी ती दुरुस्ती फाइलमधून पुसली गेली होती.

पुसली कोणी, हे मला ठाऊक होतं. मीच.

काही वर्षांपूर्वी मी एक एक्स्टेन्शन लिहिलं. आम्ही ज्या प्रोग्रॅममध्ये बसून कोड लिहितो त्याला आयडीई म्हणतात, आणि तिला वरून जोडलेल्या अवजाराला एक्स्टेन्शन. माझं एक्स्टेन्शन कोड पाडायचं. त्याला रकान्यांची यादी द्या, नाव, जन्मतारीख, आळी, की अर्जामागचा सगळा कोड चकल्यांसारखा भराभर पडतो. मी ते डाव्या हाताने डबा खात उजव्या हाताने लिहिलं, असं मी नव्या लोकांना सांगतो. दोन महिने लागले होते.

यंदा ऑफिसात नवे लॅपटॉप आले, त्यावर नवी आयडीई. एक्स्टेन्शन तिच्यात शिरेना. आमचे साहेब, नाईक सर, माझ्या टेबलापाशी आले.

“जयेश, किती दिवस?”

“सर, आयडीई आता चौसष्ट बिटची झालीय. पार पायापासून उकरावं लागेल. तीन आठवडे धरा.”

“तीन दिवस.”

“बघतो.”

खरं काम काय होतं? एक्स्टेन्शनसोबत एक छोटी फाइल असते, आयडीईच्या कुठल्या आवृत्तीपासून कुठल्या आवृत्तीपर्यंत चालेल हे तिच्यात लिहिलेलं असतं. मी वरची मर्यादा वाढवली, दोन जुन्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, बदलल्या आणि एक्स्टेन्शन पुन्हा बांधून घेतलं. सकाळचा चहा निवायच्या आत काम झालं. बरं, चहा दोनदा गरम करून आणला होता.

उरलेल्या वेळात मी घरून काम करतो असं सांगून चांदीपला भावाच्या शेतावर जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी मात्र धाकधूक वाटायला लागली. तीन दिवस घेतले, तर काहीतरी दिसायला नको? म्हणून एक करामत जोडली. आधी एकेका फाइलसाठी बटण दाबावं लागायचं. आता प्रोजेक्ट उघडला की सगळ्या फाइली आपोआप नव्याने पडणार.

“बटणसुद्धा नाही?” नाईक सर खूश झाले.

“माणसाला कष्ट कशाला, सर.”

अशा प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते: ‘ही फाइल आपोआप तयार होते. या फाइलला हात लावू नये.’ कारण हाताने केलेला बदल पुढच्या वेळी पुसला जातो. ओळ माझीच. आणि आमच्या ऑफिसात हात न लावलेली एकही फाइल नव्हती. बटण होतं तोवर निभावलं. एखादी फाइल पाडायची, तिच्यातली दुरुस्ती आठवणीने परत घालायची. माझ्या करामतीने सकाळी सबिनाताईंच्या लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइलींतल्या हातच्या दुरुस्त्या एका फटक्यात पुसल्या.

मी कबूल केलं. सबिनाताई ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या, ते जास्त वाईट.

“जुनी प्रत आहे ना?”

“आहे. पण शाळेला यंदा दोन नवे रकाने हवेत. ते पाडायला गेलो की दुरुस्त्या परत जाणार.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग दोन फाइली करू. पाडलेलं एकीत, हातचं दुसरीत. तुझं यंत्र दुसरीकडे बघणारसुद्धा नाही असं कर. हातच्या दुरुस्त्या मी वेचते.”

हे मला मुळातच सुचायला हवं होतं. मी करामत काढली, बटण परत बसवलं, एक्स्टेन्शनला दुसऱ्या फाइलची वाट बंद केली. सबिनाताई जुन्या प्रतीतून एकेक ओळ वेचत होत्या, तांदळातले खडे काढावेत तशा. सहाच्या सुमारास त्यांनी एकाच नावाच्या दोन मुलांचे अर्ज भरले. दोन्ही गेले.

तेवढ्यात नाईक सर आले. “पण या फाइलींना हात लावायला सुरुवात केली कोणी?”

कोडची कुठली ओळ कोणी कधी बदलली, याची नोंद आमच्याकडे राहते. सबिनाताईंनी ती उघडली आणि खाली खाली जात राहिल्या. हाताने केलेला सगळ्यात पहिला बदल एक्स्टेन्शन सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा होता. नाव माझं. शेजारी शेरा: ‘तात्पुरतं’.

मी रुमालाने स्क्रीन पुसायला घेतली.

शुक्रवारी नऊला अर्ज सुरू झाले आणि चालले. मावशींचा फोन आला, अक्षरं बारीक आहेत म्हणून. सबिनाताई म्हणाल्या, एवढ्यावर भागलं.

यातून मी शिकलो ते एवढंच, की काम लवकर झालं तर गप्प घरी बसावं, त्यात भर घालू नये.

पुढच्या आठवड्यात मी ती डोक्यावरची ओळ बदलली. एकीच्या तीन केल्या, वर-खाली चांदण्या काढल्या, आणि सबिनाताईंना दाखवली.

“आता तरी लोक वाचतील ना, ताई?”

त्यांनी बघितलं. “आधीची तू वाचली होतीस का?”