पाट्यावरचे ऑलिव्ह

नागपूरहून निघताना पिशवीत काळ्या ऑलिव्हच्या दोन बाटल्या होत्या, बसभाड्यापेक्षा महाग. गडचांदूरला माझी वहिनी खानावळ चालवते. सिमेंट कारखान्याच्या अतिथीगृहाचे व्यवस्थापक दुपारी तिच्याकडे जेवायला येणार होते. जेवण पसंत पडलं तर तिथले रोजचे डबे तिला मिळणार होते. त्यांची फर्माईश एकच: भाकरीला लावायला ऑलिव्हची चटणी.

एसटी भद्रावतीवरून चंद्रपूरला पोचते, तिथून राजुरामार्गे गडचांदूरची गाडी मिळते. पहाटेचीच धरा. पुढे रस्त्याकडेची झाडं चुनखडीच्या धुळीने पांढुरकी झालेली दिसतात. खिडकी लावून घ्या.

वहिनीने बाटली उजेडात धरली. "भाऊजी, यायले भोकं कोणं पाडले?"

"बी काढलेली आहे."

"बरं केलं. पाटा वाचला."

पदार्थाने मूळ कृतीशी इमान राखावं, हे मी व्यासपीठावरूनही तावातावाने मांडलं आहे. तिथेही मांडू लागलो. ऑलिव्ह, लसूण, लिंबू, तेल. पाचवी वस्तू म्हणजे भेसळ! त्या भरात तिच्या हातांकडे लक्षच गेलं नाही. पाट्यावर आधी मूठभर खडेमीठ पडलं, त्यावर लसूण, मग दोन्ही बाटल्या.

"वहिनी, मीठ कशाला?"

"मीठ नाई टाकलं तं लसूण घसरते पाट्यावरून."

"अहो, ऑलिव्ह मिठाच्या पाण्यातच मुरलेले असतात!"

"मंग हे आधी सांगाचं ना! एवढं भाषण देलं, तेवढंच राह्यलं."

वाटलेली चटणी चाखून पाहिली. जीभ आखडली. गावात तिसरी बाटली मिळणं शक्य नव्हतं आणि पाहुणे तासाभरात येणार होते. कृती बिघडली, हे वाढू नका, असं मी सांगितलं.

"तुमची कृती बिघडली. माहा सैपाक नाई."

तिने वांगी भाजली, सोलून कुस्करली आणि मिठाचा डबा बाजूला सरकवला. भरतात कांदा, कोथिंबीर आणि दोन चमचे चटणी. अळणी वरणातही एक चमचा.

व्यवस्थापकांनी भाकरी मोडली. "बाई, मी चटणी सांगितली होती."

"भरतातच हाये साहेब. नुसती खाल तं पाणी पुराचं नाई."

ते हसले. भरीत दोनदा मागितलं. हात धुताना म्हणाले, "सोमवारपासून डबे पाठवा."

मला कोणी काही विचारलं नाही.

परतल्यावर घरी तीच चटणी मिक्सरमध्ये केली. मिक्सरमध्ये लसूण घसरत नाही. तरी मीठ आधी टाकलं, आणि वांगी भाजायला ठेवली.