तीन चुकांची मुभा

धाकटा भाऊ गेला त्याला आता वर्ष होत आलं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डायलिसिससाठी त्याला सुरतेला खोली घ्यावी लागली. आठवड्यातून तीनदा तळोद्याहून जाणं-येणं अंगाला झेपेना. त्याची बायको सोबत गेली.

तळोद्यात आमचा इंटरनेट पुरवण्याचा धंदा आहे, दोघांचा. बिलं, वसुली, कर माझ्याकडे. टॉवर, वायरी आणि राउटर त्याच्याकडे. गावोगावी मिळून नऊ राउटर. त्यातल्या एकाचीही सेटिंग तोवर दुरून बदलता येत नव्हती. त्यानंच तशी सोय ठेवली नव्हती. बाहेरून आत यायला वाट केली की तिच्यावर राखण बसवावी लागते, त्यापेक्षा जीप बरी, असं तो म्हणायचा. बिघाड झाला की लॅपटॉप काखेत मारून निघायचा.

सुरतेला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "दादा, माले आठे नुसतं पडी ऱ्हानं नही. मन्हं काम माले दे."

म्हणजे प्रत्येक राउटरवर बाहेरून लॉगिन करता येईल असं करायचं. ते पहिल्यांदा जागेवर जाऊन, वायर जोडूनच करावं लागतं. मी म्हसावद गावापासून सुरुवात केली, घाटावरचं मोलगी शेवटी ठेवलं. तो फोनवर एकेक ओळ सांगायचा, मी काळ्या पडद्यावर टाइप करायचो आणि एंटर दाबण्याआधी ती पुन्हा वाचून दाखवायचो.

"मार ना एंटर! मुहूर्त देखी ऱ्हायना का?"

"चुकनं तं घाट चढीसन तू येशी का?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. तो मात्र तिकडे खोकला येईपर्यंत हसला.

टेलनेट ही जुनी पद्धत आम्ही बंद केली, कारण तिच्यातून पासवर्ड उघडाच जातो. एसएसएच चालू केलं. त्यात सगळं कुलूप लावून जातं. पासवर्ड तीनदा चुकला की दहा मिनिटं कुणालाच आत घ्यायचं नाही, हेही घातलं. तीन हा आकडा त्याचा.

मग तो डायलिसिसच्या पलंगावरून काम करू लागला. डाव्या हातात सुया, उजव्या हाताचं एक बोट मोबाइलवर. मोलगीला बाजाराच्या दिवशी नेट रखडायचं, ते तो तिथून सुरळीत करायचा. तिथली सिस्टर रागवायची. त्याची बायको मला सांगायची, काम असलं की पोळी एक जास्त जाते.

कोण आत आलं, कुणाचा पासवर्ड चुकला, याची नोंद राउटर ठेवतो. रोज सकाळी दुकान उघडलं की मी ती पाहतो. एक दिवस त्याच्या नावापुढे चुकीचा पासवर्ड दिसला. चार दिवसांनी दोनदा. मग तीनदा, दार बंद, थोड्या वेळानं पुन्हा तीनदा. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे अधू होत चालले होते आणि बोट थरथरत होतं. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी सगळ्या राउटरवर तीनाचे दहा केले.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"तीनना दहा कोनी करं?"

"मी."

"कसाले?"

मी पडद्यावरची नोंद बंद केली.

"मन्हासाठे दार उघाडं ठेवशी तं चोर भी तठूनच येई. इतला वरीस धंदा करा ना आपण?"

त्यानं तिथूनच पुन्हा तीन केले. त्या दिवशीची नोंद मी उघडून पाहिली नाही.

त्यानंतर तो राउटरवर कमी येऊ लागला, आणि एका दुपारी म्हणाला, "दादा, काढी टाक मन्हं नाव."

"ऱ्हाऊ दे. कोणले अडचण शे?"

"जो वापरत नही त्यानं लॉगिन ठेवानं नही. तुले माहीत शे. आतेच काढ."

फोन कानाला तसाच ठेवून मी एकेक राउटर उघडला आणि त्याचं नाव काढत गेलो. तो ऐकत होता. नऊही झाल्यावर त्यानं विचारलं, "व्हयनं?"

"व्हयनं."

"थांब."

मग त्यानं बायकोला मोबाइल धरायला लावला आणि मोलगीच्या राउटरसाठी आपलं नाव, आपला पासवर्ड एकेक अक्षर तोंडानं सांगितला. ती हळूहळू टाइप करत होती. माझ्यासमोरच्या पडद्यावर नकार उमटला. त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदाही अक्षर न चुकता सांगितलं.

"बराबर शे," तो म्हणाला. फोन तिच्याच हातात होता.

तो घेऊन ती बाहेर आली असावी, आवाज दबका होता. "भाऊ, आते त्यास्ले मी काय काम देसू?"

मी दुसऱ्या दिवशी सुरतेला गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं घरचं विचारलं, पोरांचं विचारलं. नेट कसं चाललंय, हे विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.