म्हाळूनं मागितलेली माफी

वडगाव रासाईच्या म्हाळू कोळप्याला मराठी अडखळत वाचता येई, इंग्रजी अजिबात नाही. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी खूण म्हणजे गिऱ्हाईक खूश आणि लाल खूण म्हणजे नाराज, एवढं त्याला दोन वर्षांत पक्कं कळलं होतं. दोन हजार सातच्या श्रावणात दौंडच्या बाजारादिवशी तो प्रगतीच्या सायबर कॅफेत शिरला, आणि तिनं काही बोलायच्या आधीच त्याला लाल दिसलं. एक नव्हे, तीन.

प्रगती रेल्वेतल्या फिटरची मुलगी. बी.कॉम. झाल्यावर स्टेशन रोडला तिनं चार कॉम्प्युटरांचं दुकान टाकलं. म्हाळू बाजारादिवशी तिच्या पायरीवर घोंगड्या मांडून बसायचा. एका उन्हाळ्यात दिवसभरात एकही घोंगडी खपली नाही, तेव्हा तिनंच एकीचा फोटो काढून लिलावाच्या साइटवर टाकला. ती गेली गुवाहाटीला.

"ते कुठल्या तालुक्यात आलं गं?" म्हाळूनं विचारलं होतं.

"आसामात, मामा."

"तिकडं मेंढरं न्हाईत व्हय?"

मेंढरं म्हाळूकडंही उरली नव्हती. बापानं कळप मोडून नदीकाठी जमीन धरली, तेव्हा घरात राहिला फक्त खड्ड्यातला माग. बायको रंभा सूत काढायची. म्हाळू विणायचा, मग चिंचोक्याची खळ शिजवून कुंच्यानं घोंगडीला द्यायचा, उन्हात ताणून वाळवायचा. महिन्याला चार झाल्या तर खूप. दोन वर्षांत एकसष्ट गिऱ्हाइकांनी त्याच्या नावापुढं हिरवी खूण केली होती. त्यानं कधी न पाहिलेल्या गावांतली, त्याला कधी न भेटणारी माणसं म्हाळू कोळपे खरा आहे म्हणून लिहीत होती. प्रगती ते मराठीत सांगायची तेव्हा तो मान खाली घालून ऐकायचा, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं.

"आता काय लिवलंय?" त्यानं लाल खुणांकडं बोट केलं.

प्रगतीनं सांगितलं. लोकर नाही, कापडगिरणीचा कचरा आहे. पहिल्या धुण्यात विरली. विकणारा फसवा आहे.

म्हाळूनं खांद्यावरची घोंगडी कपाळाला लावली. मग म्हणाला, "लिव. आमची चूक झाली. मापी असावी. घोंगडी परत पाठवा, दुसरी देतो."

"मामा, चूक झालीच नाही तर?"

"लिव पोरी."

ही त्याच्या घरातली रीत होती. त्याचा आजा सांगायचा, घोंगडीला कुणी नावं ठेवली तर उलट बोलायचं नाही. घोंगडीवर देव बसतो, पंच बसतात. तिच्यावरनं तोंड वाजवलं की मागावरचं सूत तुटतं. नावं ठेवणाऱ्यापुढं घोंगडी कपाळाला लावायची, चुकलं म्हणायचं, आणि पुढची चांगली विणायची. बाजारात ही रीत चालून जायची. म्हाळू चुकलं म्हणाला की नावं ठेवणाराच ओशाळायचा. चार माणसं बघत असायची, त्यांच्या हाताला लोकर लागायची, आणि शब्द धुळीत पडून जायचे. पडद्यावर शब्द पडत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत लाल खुणा सात झाल्या. सातही वेळा त्यानं माफी लिहवली. एकही घोंगडी परत आली नाही. साइटवरून पत्र आलं: चांगल्या अभिप्रायांचं प्रमाण शंभरात नव्वदच्या खाली गेलंय, दोन महिन्यांत सुधारलं नाही तर खातं बंद. नवीन मागणी तर आधीच थांबली होती. रंभा सूत काढून काढून कोपऱ्यात ठेवत होती, आणि म्हाळू मागावर बसायला टाळत होता.

त्या सात घोंगड्यांच्या कुरियरच्या पावत्या प्रगतीनं टेबलावर ओळीनं मांडल्या. नावं सात, गावं नगर, चाकण, पुणे, अशी. पण फोन नंबर सगळ्यांवर एकच. कुरियरवाला माल देण्याआधी फोन करतो, म्हणून तेवढा खरा द्यावा लागला होता. तिनं नंबर फिरवला.

"मल्हारी ब्लँकेट हाऊस, शिरूर. बोला!" पलीकडून मोठ्यानं आवाज आला.

तिनं फोन ठेवला. म्हाळूनं आवाज ओळखला होता. मल्हारी बारा वर्षं त्याच्या घोंगड्या घाऊक उचलायचा. म्हाळू साइटवर विकायला लागला तेव्हा त्यानंही खातं उघडलं आणि पानिपतहून येणारी गिरणीची काळी ब्लँकेटं हातमागाची म्हणून टाकली. शेजारी म्हाळूची खरी घोंगडी दिसत असली की त्याची कुणी घेत नसे.

दौंडच्या कोर्टाच्या आवारात संपतराव वकील पत्र्याखाली टेबल टाकून बसायचे. पावत्या बघून त्यांनी चष्मा पुसला.

"आप्पा, माणूस आपल्या हातानं फाशीचा दोर वळून देतो तो असा. ऐका. एक, अब्रुनुकसानीची नोटीस. उत्तर नाही आलं तर मॅजिस्ट्रेटपुढं फिर्याद, कलम पाचशे. दोन, दिवाणी दावा. भरपाई मागायची आणि पुन्हा असं लिहू नये म्हणून मनाई हुकूम. तीन, दुसऱ्याच्या मालाची खोटी नालस्ती करून धंदा मारणाऱ्याविरुद्ध दिल्लीला आयोग आहे. चार, पुण्याचा सायबर सेल. ही सात नावं कुठल्या कॉम्प्युटरवरनं उघडली ते त्यांना काढता येईल."

"आणि ग्राहक मंच?" प्रगतीनं विचारलं.

"तो घेणाऱ्याचा, ताई. आप्पा विकणारे. तिथं यांना सामनेवाले म्हणून तेवढं उभं राहता येईल."

"किती दिवस लागतील?" म्हाळूनं विचारलं.

"फिर्यादीला चार वर्षं धरा. तारखेला शिरूरच्या कोर्टात जावं लागेल, नाही आलात तर काढून टाकतील. पण मनाई हुकूम लवकर मागता येतो. कोर्टाचा कागद दिसला की साइटवाले खुणा पुसतात." वकील खुलले होते. "बारा वर्षांत असा स्वच्छ पुरावा माझ्या टेबलावर आला नाही. साइटवरचं ते छापून आणलेलं पान द्या बघू."

प्रगतीनं पान दिलं. वकिलांनी वाचायला घेतलं, आणि तिला दिसलं की त्यांचं बोट ओळींच्या खाली सरकत सरकत थांबलं.

"हे खाली काय आहे? प्रत्येकाच्या खाली?"

"मामांची उत्तरं."

"आमची चूक झाली. मापी असावी." वकिलांनी मोठ्यानं वाचलं. पान उलटलं. "आमची चूक झाली. मापी असावी. आप्पा, हे तुम्ही लिहिलंत?"

"व्हय. म्या सांगितलं, पोरीनं लिवलं."

"माल खरंच वाईट होता?"

"न्हाई."

"मग?"

म्हाळूनं आजाची रीत सांगितली. वकिलांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर पान उलटं करून टेबलावर ठेवलं.

"जज्जसाहेब तुमच्या आजाला ओळखत नाहीत," ते म्हणाले. "मल्हारीचा वकील हे एक पान पुढं करील. विकणारा स्वतः म्हणतो माल खराब, सात वेळा म्हणतो, मग खोटं कुणी लिहिलं? नावं खोटी असतील, मजकूर तर तुम्हीच खरा केलात. मनाई हुकूम मिळत नाही यावर. बाकीचं चालवीन म्हणालात तर चालवू. पण हाती काही लागेल असं मी सांगणार नाही."

"मी पुसते ती उत्तरं," प्रगती म्हणाली.

"पुसता येतात?"

तिनं मान हलवली. येत नव्हती. साइटच्या नियमात एकच वाट होती: लिहिणारा आणि विकणारा दोघांनी मिळून अर्ज केला तर खूण निघते.

"मग समजुतीनं मिटवा," वकील म्हणाले, आणि पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

म्हाळू एकटाच शिरूरला गेला. मल्हारी गल्ल्यावर होता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला.

"आप्पा! लई दिसांनी. साइटवाले शेट झालाय म्हणं तुम्ही."

"मल्हारी, त्या सात खुणा काढ."

"कुठल्या सात?"

"तुजा नंबर हाय पावत्यांवर."

मल्हारी हसला. वाईट हसला नाही, थकल्यासारखा हसला. "म्या काढल्या म्हंजी म्याच लिवल्या असं व्हईल का न्हाई? सांगा तुम्हीच. आन् म्या लिवल्याच न्हाईत तर काढू कशा?"

 म्हाळूनं चहाचा कप हातात धरला आणि तसाच ठेवला.

"पोरीबाळींची लग्नं हायती मला," मल्हारी हळू आवाजात म्हणाला. "तुमची एक दिसली की माजी कोन घेतंय? आवो, इणायचं तुम्ही इणा. इकायचं माज्याकडं द्या. तुम्हाला त्या कॉम्प्युटरचं डोस्कं कशाला?"

"नाव?"

"नाव दुकानाचं असतंय, आप्पा."

म्हाळू उठला. एसटीत त्याला आठवत राहिलं, की आपण मल्हारीला खोटारडा म्हणालोच नाही. म्हणता आलं नाही. दुकानात समोर ब्लँकेटांचे गठ्ठे रचलेले, काळे. गिरणीचे का असेनात, घोंगडीच्याच रंगाचे.

दोन महिने भरले आणि खातं बंद झालं. हिरव्या खुणांसकट. प्रगती नवीन नावानं उघडू म्हणाली; म्हाळूनं विचारलं, त्या एकसष्ट जणांना ते माजंच हाय हे कसं कळंल?  होळीला रंभाचं सूत घरात मावेना, तेव्हा त्यानं चार घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि शिरूरची गाडी धरली. मल्हारीनं मोजून घेतल्या. जुनं काही काढलं नाही, त्यानंही आणि यानंही.

त्यानंतर बाजारादिवशी तो पायरीवर क्वचितच बसायचा. मे महिन्यात एकदा आला, तेव्हा प्रगतीनं त्याला आत बोलावलं. मल्हारीच्या दुकानाचं पान उघडलं होतं. एका फोटोतल्या घोंगडीची किनार म्हाळूनं लांबूनच ओळखली.

"हिरवी हाय," तो म्हणाला.

"पाच आल्यात. एकजण लिहितोय, खरी लोकर, पुन्हा घेणार. दुकानदार प्रामाणिक आहे."

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"अन् ही खालची?"

"ही कुणी बंगलोरची बाई आहे. विचारतेय, घोंगडी धुवायची कशी? महिना झाला विचारून. मल्हारीनं उत्तर दिलं नाही. त्याला माहीतच नसेल."

म्हाळू खुर्ची ओढून पडद्यापाशी सरकला. "लिव. वरीसभर धुवायची न्हाई म्हनावं. उन्हात टाकायची, झटकायची. धुवायचीच झाली तर गार पान्यात, रिठं घालून. पिळायची न्हाई, निस्ती दगडावर निथळत ठेवायची. लिवलंस?"

प्रगतीचे हात कीबोर्डवर नव्हते.

"मामा, तिथं आपल्याला लिहिता येत नाही. ते खातं त्याचं आहे."

"येवढं बी न्हाई?"

"नाही."

"ती पिळंल की गं," म्हाळू म्हणाला.