त्यांच्या भिंतीवरचा यूजर

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या त्या ऑफिसात मला एकच गोष्ट हवी होती, टीम लीडची जागा. काम आधीपासून मीच ओढत होतो. क्लायंट अडला की फोन मला, नवा माणूस आला की शिकवायला मी, फक्त दारावरच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. तो दुसरा म्युनिकला गेला तेव्हा मी रीतसर अर्ज टाकला. आमच्याच टीममधल्या एका पुणेकर इंजिनिअरनेही टाकला. टाकेना का. तो माझ्यानंतर आलेला, माझ्याच हाताखाली तयार झालेला.

या पुणेकराबद्दल सांगायलाच हवं. मी सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतून आले त्याला कैक पिढ्या झाल्या. मी मुरूडचा, मराठी शाळेत शिकलेला, तांदळाची भाकरी आणि बोंबलाच्या कालवणावर वाढलेला. पण रंग काळा, केस कुरळे, म्हणून हा पठ्ठ्या पहिल्या दिवशी माझ्याशी इंग्रजीत बोलला. मी मराठीत उत्तर दिलं. "वा, मराठी कुठे शिकलास?" हेही त्याने इंग्रजीतच विचारलं. आईच्या पोटात, मी म्हटलं. तो हसला आणि पुन्हा इंग्रजी सुरू. पुढे कायम तेच, मी मराठीत बोलायचो आणि तो इंग्रजीत. बायकोशी फोनवर मात्र माझ्या शेजारच्याच टेबलावरून "अगं, कुकर लावलास का?" चाललेलं असायचं. डोकं सणकायचं माझं.

आमचं काम डिझाइन थिंकिंगचं. तेव्हा जर्मनीत सगळ्या कंपन्यांना त्याचं खूळ लागलं होतं. वस्तू जो वापरणार त्याला, म्हणजे यूजरला, आधी नीट विचारायचं, त्याची अडचण काय ते ठरवायचं, कच्चा नमुना करून त्याच्या हातात द्यायचा, आणि तो नको म्हणाला तर वाद न घालता फाडून टाकायचा. पद्धत चांगली आहे. मी ती स्वतःवरसुद्धा वापरली. निर्वासित येत होते ती वर्षं, त्यामुळे ट्राममध्ये, बेकरीत, जिथे जावं तिथे मला विचारायचे, तू कुठला. मी उत्तरांचे नमुने करून बघितले. 'भारतातला' म्हटलं की, "नाही, पण खरा कुठला?" पूर्वजांची गोष्ट सांगितली की ढोल वाजवता येतो का म्हणून विचारायचे. 'कार्ल्सरूहेचा' म्हटलं की लोकांना राग यायचा. शेवटी मी उलट विचारायला लागलो, "तुम्ही कुठले?" ते बरोबर झोंबायचं. तोच नमुना मी कायम ठेवला.

अर्जाचा निकाल लागायच्या आधी बॉसबाईंनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. विषय होता, टीममध्ये प्रत्येकाला आपलेपणा कसा वाटेल. यूजर म्हणून मला बसवलं. मला विचारलंसुद्धा नाही. पेनं आणि पिवळ्या चिठ्ठ्या बाकीच्यांच्या हातात, बैठक चालवायला पुणेकर, आणि मी मधल्या खुर्चीत. मग प्रश्न सुरू, थंडी सोसते का, घरची आठवण येते का, लहानपणी पाणी कुठून भरायचात. मी सरळ सांगितलं, "मला टीम लीड व्हायचंय. अर्ज केलाय मी." "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं बॉसबाई म्हणाल्या आणि मान डोलावली. कुणीतरी चिठ्ठीवर लिहिलं, 'कौतुक हवंय', आणि ती भिंतीवर चिकटवली.

दुपारपर्यंत त्यांचा नमुना तयार झाला. दर महिन्याला कॅन्टीनमध्ये आफ्रिकन जेवण, आणि ते रांधायचं मी. मोठ्या कागदावर माझं चित्रही काढलं होतं, गळ्यात ढोल अडकवून. पुणेकराने तो कागद माझ्यापुढे धरला आणि इंग्रजीत विचारलं, कसं वाटतंय.

"मुरूड कुठे आहे ते सांग यांना," मी मराठीत म्हणालो. "तुला माहितीये."

तो बॉसबाईंकडे बघत इंग्रजीत म्हणाला, सगळ्यांना कळेल अशाच भाषेत बोलूया.

मी उठलो, कागद घेतला आणि नियमाप्रमाणे फाडला. "यूजर नको म्हणतोय," मी जर्मनमध्ये म्हणालो. "तुम्ही अडचणच चुकीची लिहिली आहे." बॉसबाईंचा चेहरा उतरला. "आल्झो, हे बघ, इतकं लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, "हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय." माझ्यासाठी म्हणे. अख्खी भिंत पिवळी केली आणि माझ्या जागेबद्दल एक चिठ्ठी निघाली नाही. मेले कोणासाठी करत होते कोण जाणे.

पुढच्याच आठवड्यात जागा पुणेकराला मिळाली. मला कारण दिलं की टीमला शांत डोक्याचा माणूस हवा.

त्या संध्याकाळी मी कॉफीच्या मशीनपाशी उभा होतो. तो आला. आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं आणि माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलला. "अरे, राग नको धरूस रे. क्लायंटचं मला एकट्याला झेपणार नाही, तुला तर माहितीये. तू बघ ना ते सगळं, आधीसारखं. शेवटी आपण आपलीच माणसं."

किती गोड बोलत होता. इतकी वर्षं हेच ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि आता ऐकताना अंगाची आग होत होती.

मी कप खाली ठेवला आणि अगदी सभ्यपणे, जर्मनमध्ये विचारलं, "तुम्ही कुठले?"

मी बॉसबाईंच्या खोलीत गेलो आणि राजीनामा देऊन आलो.