थांबायचं कुणी

जपानमधल्या कोतो वॉर्डातल्या आमच्या घराच्या बरोबर खाली दोन गल्ल्या एकमेकींना कापतात. तिथे राहायला गेलो त्या पहिल्याच महिन्यात, सकाळी भांडी विसळताना, माणसाला गाडीची धडक बसल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आधी ब्रेक किंचाळले, मग पत्रा चेपल्यासारखा एक बसका आवाज आला, आणि त्यानंतर दोन-तीन क्षण काहीच नाही. मग कुणीतरी ओरडायला लागलं.

हाताला लागला तो टॉवेल घेऊन मी जिन्यावरून खाली धावले. ऑफिसच्या कपड्यातला, पन्नाशीचा एक माणूस रस्त्यात बसला होता. त्याची सायकल एका छोट्या ट्रकच्या पुढच्या चाकाखाली वाकडी होऊन पडली होती. एका हाताने त्याने तोंड दाबून धरलं होतं आणि बोटांच्या फटींतून रक्त पांढऱ्या शर्टावर गळत होतं. दुसऱ्या हाताने तो रस्त्यावर काहीतरी चाचपडत होता. मला वाटलं चष्मा शोधतोय. तो दात शोधत होता.

ट्रकवाला खाली उतरला. आधी त्याने आपल्या गाडीचा चेपलेला कोपरा पाहिला, मग त्या सायकलीला सणसणीत लाथ घातली. "कुठे बघत होतास?" तो ओरडला. आणि रक्तबंबाळ तोंडाचा तो माणूस, बसल्या जागी, त्याच्यासमोर मान लववायचा प्रयत्न करत होता. मी टॉवेल हातात धरून नुसती उभी. माझं जपानी तेव्हा दुकानात भाजी मागण्यापुरतं होतं.

एवढ्यात आमच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. पायात रबरी बूट, एका हातात बादली, दुसऱ्या हातात दुधाचं छोटं खोकं. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी रस्त्यावरचे दोन दात उचलले, दुधात टाकले, ते खोकं त्या माणसाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरकडे लगेच जा." मग ट्रकवाल्याकडे वळून हळू आवाजात असं काही बोलल्या की तो गप्प झाला. दोघा पुरुषांनी एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं दिली. जखमी माणूस घड्याळ बघत, दुधाचं खोकं छातीशी धरून, स्टेशनच्या दिशेने चालत निघून गेला.

आजींनी रक्तावर पाणी ओतलं आणि ब्रशने रस्ता घासायला घेतला. मी न सांगता बादली धरली.

"पोलीस?" मी विचारलं.

"कुणी बोलावलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे झालंच नाही."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. तोवर माझी भाषा सुधारली होती, मला एका ऑफिसात काम मिळालं होतं आणि लेक पाळणाघरात जायला लागली होती. त्या कोपऱ्यावर तोपर्यंत मी आणखी चार धडका पाहिल्या. एका बाईचा खांदा निखळला. एका म्हाताऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं आणि त्याच्या कानातून रक्त यायला लागलं, तेव्हा मात्र अँब्युलन्स आली. कोपऱ्यावर एक गोल आरसा होता, पण थंडीत त्यावर सकाळी दव धरायचं आणि त्यात एक राखाडी डाग सोडून काही दिसायचं नाही.

त्या म्हाताऱ्याच्या अपघातानंतर आजी आणि मी कोबानमध्ये गेलो. कोबान म्हणजे चौकातली छोटी पोलीस चौकी. तिथल्या तरुण हवालदाराने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि नकाशा पसरला. आरसा आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे ही वॉर्ड ऑफिसची कामं. पण तो लाल, खाली टोक असलेला त्रिकोण, ज्यावर 'तोमारे', म्हणजे 'थांबा', लिहिलेलं असतं, तो पोलिसांचा. कुणी मागितला म्हणून लावत नाहीत. किती गाड्या जातात, कुठली गल्ली रुंद आहे, कोपऱ्यावरून किती लांबचं दिसतं हे पाहतात, वस्तीचं म्हणणं घेतात आणि नोंदलेले अपघात बघतात.

"नोंदलेले किती आहेत?" मी विचारलं.

त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. "इथे एकच दिसतोय."

आजींनी पिशवीतून कॅलेंडरची फाडलेली पानं काढली. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक अपघात लिहून ठेवला होता: तारीख, वेळ, कुणाला काय लागलं. हवालदाराने ती पानं दोन्ही हातांनी घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि तशीच दोन्ही हातांनी परत दिली. "याचा नोंद म्हणून मला वापर करता येत नाही," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

जपानला येण्याआधी नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं अमेरिकेत काढली होती. तिथे साध्या गल्लीबोळांतही चारही बाजूंना 'थांबा' असायचं. सगळे थांबतात, जो आधी आला तो आधी जातो. मी हवालदाराला ते समजावून सांगितलं. इथे चारही बाजूंना का लावत नाहीत?

"इथे अशी पद्धत नाही. एक रस्ता मुख्य धरायचा आणि दुसऱ्याने थांबायचं," तो म्हणाला. मग थोडं हसून, "चौघेही थांबले तर चौघेही एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत बसतील."

आजी हसल्या नाहीत. आम्ही अर्ज लिहिला, वस्तीच्या समितीचा शिक्का घेतला आणि वाट बघायला लागलो.

अर्ज देऊन वर्ष होत आलं होतं. नोव्हेंबरची सकाळ होती. पाच वर्षांच्या लेकीला बॅटरीच्या सायकलवर मागच्या सीटमध्ये पट्ट्याने बांधून मी पाळणाघराकडे निघाले होते. उशीर झाला होता. घरातून निघताना मोज्यांवरून आमचं भांडण झालं होतं आणि ती मागे बसून जपानीत माझी नक्कल करत होती. कोपऱ्यावर मी थांबले नाही. थांबले नाही हे आज सरळ लिहिते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की थांबले होते.

उजवीकडून एक पांढरी गाडी आली आणि माझ्या पुढच्या चाकावर आदळली. सायकल हातातून ओढून घेतल्यासारखी गेली. मी बॉनेटवर कोपर आपटून खाली पडले आणि सायकल लेकीसकट दुसऱ्या बाजूला आडवी झाली. तिचं हेल्मेट रस्त्यावर आपटल्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ती रडली नाही. तेच भयंकर होतं. पट्ट्यात अडकून, एक हात सायकलच्या दांड्याखाली, ती डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होती. मी पट्टा सोडवला आणि तिचा हात बाहेर काढला. मनगट आणि कोपराच्या मधे तो हात जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. तेव्हा ती किंचाळली, आणि "आई" म्हणाली.

गाडीतून एक बाई उतरली. माझ्याच वयाची, केस मागे बांधलेले, चेहरा पांढराफटक. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ती कमरेत वाकत होती, पुन्हा पुन्हा, आणि "माफ करा, माफ करा" म्हणत होती. मदत करत नव्हती, जवळ येत नव्हती, नुसती वाकत होती. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. रस्त्यावर माझी पाण्याची स्टीलची बाटली पडली होती, भरलेली. मी ती उचलली आणि वाकलेल्या त्या बाईच्या तोंडावर मारली.

एकदा नाही. पहिल्या घावाला तिची भुवई उकलली आणि रक्ताने डोळा भरला. दुसरा कानावर बसला. ती हात वर न करता गुडघ्यांवर बसली, आणि मी तिसऱ्यांदा हात उचलला. मी मराठीत ओरडत होते. काय ओरडत होते ते लिहिण्यासारखं नाही. तिसरा घाव बसला नाही, कारण मागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही दोघी जमिनीवर पडलो. त्या आजी होत्या.

"पोरीकडे बघ," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "तुझ्या पोरीकडे बघ."

लेक माझ्याकडे बघत होती. तुटलेला हात पोटाशी धरून, रडायचं थांबवून.

अँब्युलन्स आणि पोलीस जवळजवळ एकदमच आले. यावेळी नोंद होणार होती. कोबानमधल्याच त्या तरुण हवालदाराने मला दोन प्रश्न विचारले आणि त्या बाईकडे वळला. तिने रुमाल भुवईवर धरला होता. "ही जखम कशी झाली?" त्याने विचारलं.

ती क्षणभरही थांबली नाही. "धडक बसली तेव्हा स्टिअरिंगवर डोकं आपटलं."

मी तोंड उघडलं. आजींनी माझं मनगट घट्ट दाबलं आणि मला अँब्युलन्सकडे ढकललं.

लेकीच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टरांनी गुंगी देऊन ती जागेवर बसवली. संध्याकाळी नवरा हॉस्पिटलमध्ये आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"ती बाटली कुठंय?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तिचा डोळा वाचला ना?"

मला तेही माहीत नव्हतं. माझ्या मुलीचा हात मोडला होता आणि दुसऱ्या कुणाचा डोळा गेला की राहिला हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. लहानपणी मी भांडणातही कुणाला चिमटा काढला नव्हता.

आठवड्याने ती बाईच आमच्या दारात आली. भुवईवर पाच टाके, डोळा सुजलेला पण उघडा. हातात मिठाईचा खोका, इथे माफी मागायला जाताना नेतात तसा. दारातच तिने गुडघे टेकायला सुरुवात केली, तर मी तिला दंडाला धरून उठवलं. माझा हात लागताच ती दचकून मागे सरली. मग दोघीही ओशाळलो.

मी चहा केला. तिने लेकीच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"मीच तुमच्याकडे यायला हवं होतं," मी म्हटलं. "मी तुम्हाला मारलं. तुम्ही पोलिसांना खोटं का सांगितलंत?"

तिने कप खाली ठेवला. "खरं सांगितलं असतं तर तुम्हाला ठाण्यात नेलं असतं," ती म्हणाली. "मग अँब्युलन्समध्ये मुलीबरोबर कोण गेलं असतं?"

एवढंच. त्यात मोठेपणा दाखवायचा सूर नव्हता. घरात एक माणूस कमी असल्यावर कामं कशी वाटायची ते ठरवावं तशा आवाजात ती बोलली. जाताना म्हणाली, "मी गाडी चालवणं सोडलंय." मी तिची क्षमा मागितली, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून, तिच्या पद्धतीने. लेक दारात उभी राहून बघत होती. ती गेल्यावर लेकीने मला जपानीत विचारलं, "आता तू तिला मारणार नाहीस ना?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण त्यानंतर कितीतरी दिवस मी चिडून आवाज चढवला की ती खोलीबाहेर जायची.

डिसेंबरमध्ये कोपऱ्यावर दोन माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली. हातात मोजणीची यंत्रं, सकाळी आणि संध्याकाळी. त्यांच्याबरोबर तोच तरुण हवालदार होता. मी कामावर जाताना त्याच्यापाशी थांबले आणि सांगून टाकलं: त्या अपघातात दोन जखमी लिहिलेत, त्यातली एक जखम अपघाताची नाही. मी केलेली आहे.

त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोजणाऱ्यांकडे, मग आपल्या बुटांकडे.

"त्यांची तक्रार आहे का?"

"नाही."

"त्यांनी सांगितलेलं मी लिहिलं आहे. तुम्ही आत्ता बोललात ते वरिष्ठांना सांगेन. बहुतेक ते हे प्रकरण पुन्हा उघडणार नाहीत."

"आणि ही 'थांबा'ची खूण? ती त्या खोट्या जखमेमुळे लागणार का?"

"अपघात झाला हे खोटं नाही," तो म्हणाला. "आणि खूण कुठल्या गल्लीला लावायची ते जखमांवर ठरत नाही. गाड्या कुठून जास्त जातात त्यावर ठरतं."

फेब्रुवारीत खांब उभा राहिला. लाल त्रिकोण, खाली रस्त्यावर पांढरी जाड रेघ आणि मोठ्या अक्षरात 'तोमारे'. आमच्या गल्लीला. गाड्यांची वर्दळ त्या बाईच्या गल्लीत जास्त होती, म्हणून तो रस्ता मुख्य ठरला. थांबायचं होतं ते मी. ठाण्यातून कुणी मला बोलावलं नाही. त्यानंतर तिथे एकदाच धडक झाली, एका सायकलवाल्याचा गुडघा फुटला, आणि आजींनी स्वतः पोलिसांना फोन केला.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत दोन गल्ल्यांपलीकडचे लोक आले होते. त्यांच्या कोपऱ्यावरही धडका होतात. तुमच्याकडे खूण लागली, तुम्ही काय केलंत ते सांगा, असं त्यांनी मला विचारलं. मी अर्जाचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, प्रत्येक वेळी पोलिसांना बोलवा म्हणून सांगितलं. मग बाटलीचंही सांगितलं. दोन घाव, पाच टाके, आणि माझ्यासाठी बोललेलं खोटं.

मग माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी, पूर्वी न पाहिलेल्या, दोन्ही हातांनी किटली उचलली, माझा कप भरला आणि कागद पुढे ओढून विचारलं, "त्या अर्जात पहिल्या ओळीत काय लिहायचं म्हणालात?"